मेलेल्या रोपाची गोष्टही सांगा

रोझमेरीचं पहिलं रोप मेलं तेव्हा मी ते निमूटपणे उपटून टाकलं होतं. दुसरं मेलं तेव्हा मात्र कुंडी पालथी केली आणि मातीचा गड्डा हातावर घेतला. आधी वास आला, तुंबलेल्या मोरीसारखा. मुळं तपकिरी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि मागे दोऱ्याएवढी बारीक शीर तेवढी उरली. वरची माती तर कोरडी दिसत होती. पानं सुकतायत म्हणून मी रोज पाणी घालत होते, आणि त्या पाण्यानंच पानं सुकत होती. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही. त्यामुळे तहानेनं मरणारं रोप आणि पाण्यात गुदमरणारं रोप वरून अगदी सारखंच दिसतं.

‘रोज एक पेला पाणी’ हा सल्ला मला एका मैत्रिणीनं दिला होता. तिची रोझमेरी खरोखर देखणी होती, तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. पण तिचं रोप भाजलेल्या मातीच्या कुंडीत होतं, निम्मी वाळू घातलेल्या मातीत, दिवसभराच्या उन्हात, वाऱ्याच्या तोंडावर. माझं प्लास्टिकच्या कुंडीत, चिकट मातीत, सकाळच्या दोन तासांच्या उन्हात. तिचं पेलाभर पाणी दुपारपर्यंत उडून जायचं, माझं तळाशी साचून राहायचं. तिनं मला पाण्याचं माप दिलं. कुंडी, माती, ऊन आणि वारा सांगायचे राहिले, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

घरच्या बागेबद्दल आपण हौशी माणसं एकमेकांना खूप काही सांगतो. फोटो पाठवतो, बिया वाटतो, कलमं देतो, कोणती गोष्ट कधी लावायची ते कळवतो. हे सगळं मला मनापासून आवडतं. त्यातून मला जेवढं मिळालं तेवढं कुठल्याही पुस्तकातून मिळालेलं नाही. पण या सांगण्यातून दोन गोष्टी हमखास गळतात: रोप कशा परिस्थितीत वाढलं, आणि त्याच्याआधी किती मेली. या दोन्ही सांगितल्याशिवाय लागवडीचा सल्ला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा शिष्टाचाराचा मुद्दा म्हणून मी मांडत नाही. लाखो घरांत रोज जे छोटे छोटे प्रयोग होतात त्यांतून सगळ्यांच्या कामाचं ज्ञान तयार होणार की नुसते सुंदर फोटो साठणार, हे यावर ठरतं.

‘तिच्या हाताला गुण आहे, काठी खोचली तरी पालवी फुटेल,’ असं आपण कौतुकानं म्हणतो. हे वाक्य मला अलीकडे फार खटकू लागलं आहे. त्यामुळे पुढचा प्रश्नच विचारायचा राहतो. ज्याचं रोप जगलं त्याच्या हाताला गुण, ज्याचं मेलं त्याच्या हाताला नाही, की विषय संपला. आमच्या शेजारच्या काकूंबद्दल सगळे असंच म्हणतात. एकदा त्यांनी मला पत्र्याचा एक गोल डबा उघडून दाखवला. आत सपाट लाकडी काड्या होत्या, प्रत्येकीवर शिसपेन्सिलीनं रोपाचं नाव आणि दोन तारखा. पेनाची शाई पाण्यानं जाते, शिसं टिकतं, म्हणून पेन्सिल. एक तारीख लावल्याची, दुसरी गेल्याची. मी मोजल्या, त्रेसष्ट भरल्या.

“काकू, एवढी गेली?”

“अगं, या सात लॅव्हेंडरच्या बघ. मी आपली पाणी कमी कर, पाणी वाढव करत बसले. सातवी गेली तेव्हा लक्षात आलं की भिंतीच्या कोपऱ्यात वारा खेळतच नाही. आठवी कठड्यावर ठेवली, ती अजून आहे.”

काकूंच्या आठव्या लॅव्हेंडरचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. त्या सात काड्या कुणीच पाहिल्या नव्हत्या. आणि शिकण्यासारखं जे होतं ते त्या काड्यांवर होतं.

आपण यशच सांगतो, याचा परिणाम आपल्या समजुतीपेक्षा खोल जातो. समजा, दहा जणांनी गुलाबाची फांदी बटाट्यात खोचून मातीत पुरली. नऊ जणांचा बटाटा कुजला, त्याबरोबर फांदीही. त्या नऊ जणांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं त्यांना वाटलं. दहाव्याच्या फांदीला पालवी फुटली आणि त्यानं हौसेनं कळवलं, की गुलाब लावायचा तर बटाट्यात लावा. ती फांदी चांगली पक्व होती, तिला दोन-तीन निरोगी डोळे होते, हवा दमट होती, म्हणून ती नुसत्या मातीतही जगलीच असती. पण पुढे पोहोचला तो बटाटा. उरलेल्या नऊ जणांना वाटलं, आपलाच हात वाईट. त्यांतल्या कित्येकांनी बागकाम सोडलंही असेल. मला खरं दुःख होतं ते त्या सोडून गेलेल्यांचं.

चुकीचा निष्कर्ष एवढा घातक नसतो, नोंद नसणं जास्त घातक असतं. याचं माझं आवडतं उदाहरण सतराव्या शतकातलं आहे. यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट नावाच्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियममधल्या) वैद्यानं एका भांड्यात २०० पौंड वाळवलेली माती घेतली, तीत ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. धूळ पडू नये म्हणून भांड्यावर भोकं पाडलेला पत्रा झाकला. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि वर सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंस कमी भरली. त्यावरून त्यानं ठरवलं की लाकूड, साल, मुळं हे सारं केवळ पाण्यापासून बनतं.

निष्कर्ष चुकला होता. झाडाच्या कोरड्या वजनातला मोठा वाटा हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून येतो, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस उलगडत गेलं आणि १८०४ साली निकोला-थिओडोर द सोस्यूरनं मोजमाप करून मांडलं. पण हेल्माँटचा प्रयोग आजही शिकवला जातो. त्यानं माती किती, पाणी कोणतं, किती वर्षं हे सगळं लिहून ठेवलं. चार शरद ऋतूंत गळलेल्या पानांचं वजन आपण धरलेलं नाही, हेसुद्धा त्यानं लिहिलं. मला ते वाक्य फार मोठं वाटतं. आपण काय मोजलं नाही हे सांगणारा माणूस पुढच्याला दुरुस्तीची जागा ठेवून जातो. त्याचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापलं गेलं. म्हणजे चूक सुधारायला दीडशे वर्षं लागली, पण सुधारता आली. ‘विलोला नुसतं पाणी घाला, झकास वाढतो’ एवढंच त्यानं सांगितलं असतं तर सुधारायला काही हातात उरलं नसतं.

आपल्यातल्या सल्ल्यांचं असंच झालं आहे. कुंडीच्या तळाशी खडे किंवा फुटक्या कुंडीचे तुकडे घाला, म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, हे मी इतक्यांदा ऐकलं आणि पुढे सांगितलं की त्याची मोजदाद नाही. आपल्याला वाटतं, खड्यांमधून पाणी भराभर जाईल. प्रत्यक्षात पाणी बारीक कणांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजून चिंब होईपर्यंत ते मातीतच धरून राहतं. म्हणजे खडे घातल्यावर तो चिंब थर तळाशी असायचा तो वर, मुळांच्या आणखी जवळ येतो.

हे पाहायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. तो पाण्यात बुडवून आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचंही तसंच. तळाशी ओलीचिंब राहणाऱ्या थराची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ कुंडीत निम्मी माती चिखल असू शकते आणि उंच कुंडीत तोच चिखल मुळांपासून लांब राहतो. ज्याची कुंडी फूटभर उंच आणि माती भुसभुशीत, त्याचं रोप खडे घालूनही जगतं. मग तो सांगतो की खड्यांमुळे जगलं. ऐकणाऱ्याची कुंडी सहा इंची असते.

टोमॅटोच्या बुडाशी पडणाऱ्या काळ्या डागाची कथा तर मला सगळ्यात बोलकी वाटते. फळ हिरवं असतानाच खालच्या टोकाला पाणचट ठिपका येतो, मग तो काळा, चामड्यासारखा, आत दबलेला होतो. फळात कॅल्शियम कमी पडल्यानं हे होतं, हे खरं. म्हणून अंड्यांची टरफलं चुरून घाला, हे ओघानंच येतं. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत पोहोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पाणी एक दिवस भरपूर, मग तीन दिवस काहीच नाही असं मिळालं की फळाच्या टोकाची उपासमार होते. टरफलं मातीत विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षांनंतरही तुकडे तसेच सापडतात. काही जण एप्सम सॉल्ट घालायला सांगतात. त्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम नसतंच, आणि जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत उलट अडथळा आणतं.

तरीही टरफलांनी फरक पडला असं सांगणारे प्रामाणिक लोक शेकड्यांनी भेटतील. याचं कारण झाडातच आहे. हा डाग बहुधा पहिल्या बहराच्या फळांवर जास्त येतो, नंतर मुळं पसरली की पुढची फळं पुष्कळदा आपोआप चांगली येतात. डाग दिसला म्हणून टरफलं घातली, तीन आठवड्यांनी फळं सुधारली. श्रेय टरफलांना. शेजारी दुसरं झाड काही न घालता ठेवलं असतं तर ते आठवडाभर पुढेमागे तसंच सुधारताना दिसलं असतं. दोन झाडं असतील तर एकाला घाला, एकाला घालू नका. एवढी एक सवय लागली तरी घरगुती बागकामातले निम्मे वाद मिटतील, असं मला वाटतं.

परिस्थिती गळून पडली की काय होतं, याचं उदाहरण शास्त्रज्ञांच्या कामातही आहे. घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हे वाक्य १९८९ साली नासासाठी झालेल्या एका अभ्यासापर्यंत मागे नेता येतं. त्यात झाडं लहानशा हवाबंद पेट्यांत ठेवली होती आणि पेटीतल्या हवेतली काही रसायनं कमी झाली. अभ्यासात पेटीचा उल्लेख होता, आपल्यापर्यंत येताना पेटी मागे राहिली. २०१९ मध्ये कमिंग्स आणि वेअरिंग या संशोधकांनी आधीच्या अशा प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. साध्या इमारतीत दारं-खिडक्यांतून आणि फटींतून हवा जेवढी बदलते, त्या बरोबरीनं हवा शुद्ध करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. झाड घरात ठेवायला मला दुसरी पन्नास कारणं पुरतात. पण हे कारण सांगून कुणाला झाड द्यावंसं मला आता वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हौशी लोकांनी सल्ले द्यावेतच कशाला? कृषी विद्यापीठं आहेत, वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं ऐकावं. मी स्वतः शंका आली की आधी तिकडेच पाहते. पण शेतीचं संशोधन मुख्यतः एकरांसाठी होतं. चौथ्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या कठड्यावर, आठ लिटरच्या कुंडीत, दुपारनंतरच्या तापलेल्या भिंतीशेजारी मिरची कशी वागते, यावर कोण प्रबंध लिहिणार? ते ज्ञान त्या कठड्याच्या मालकापाशीच असतं. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात विद्यापीठाच्या, शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या विस्तार विभागाकडे घरगुती बागांबद्दल इतके प्रश्न यायला लागले की तिथल्या मोजक्या तज्ज्ञांना ते झेपेनात. त्यांनी हौशी लोकांनाच प्रशिक्षण द्यायचं ठरवलं, आणि त्या बदल्यात त्यांनी काही तास इतरांच्या शंकांना उत्तरं द्यायची. त्यातून ‘मास्टर गार्डनर’ ही स्वयंसेवकांची पद्धत उभी राहिली आणि पुढे पसरली. तज्ज्ञ आणि हौशी यांच्यात निवड करायची गरज नाही, हे तिथे पन्नास वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. हौशी माणसानं आपलं निरीक्षण तज्ज्ञाला वापरता येईल अशा रूपात ठेवावं, एवढंच लागतं.

आणि अपयश सांगण्यानं केवढं मोठं काम होऊ शकतं, ते २००८ साली ब्रिटनमध्ये दिसलं. त्या उन्हाळ्यात घरच्या बागांत आणि भाड्याच्या भाजीवाफ्यांत टोमॅटो, बटाटा, घेवडा यांची पानं विचित्र वळायला लागली. शेंडे मुठीसारखे आवळलेले, पानं चमच्यासारखी वाकलेली, नवी फूट नेच्याच्या कोंबासारखी गुंडाळलेली. एकेकट्या माणसाला काय वाटलं असेल? रोग आला, विषाणू असेल, माझं पाणी चुकलं, माझा हात वाईट. पण लोक बोलले. वेगवेगळ्या ठिकाणच्या तक्रारी सारख्या निघाल्या आणि त्यांच्यात एकच धागा सापडला: सगळ्यांनी वाफ्यात जनावरांच्या शेणालिदीचं खत घातलं होतं. चौकशीत पुढे आलं ते अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक. ते कुरणावर फवारलं जायचं, गवताबरोबर जनावरांच्या पोटात जायचं आणि पचनातून, खताच्या ढिगातूनही न मोडता बाहेर यायचं. घातलेलं खतच रोपांना मारत होतं. त्या वर्षी त्या तणनाशकाची परवानगी स्थगित झाली, आणि नंतर ती अटींसह परत दिली गेली.

हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. त्या लोकांनी वाकडीतिकडी रोपं गुपचूप उपटून फेकली असती आणि उरलेल्या चांगल्या फुलांचे फोटो दाखवले असते, तर ते खत आणखी किती वाफ्यांत गेलं असतं? आणि तिथून निघालेली एक साधी चाचणी आजही कुणालाही करता येते. नवीन खताबद्दल शंका असली तर ते मातीत मिसळून दोन-तीन कुंड्यांत घेवडा पेरायचा, तेवढ्याच कुंड्यांत खत न घालता पेरायचा, आणि तीनेक आठवडे पानं पाहायची. घेवडा या रसायनाला फार हळवा आहे, वाकला की कळतं. आता मी नव्या पोत्यातलं खत हे केल्याशिवाय वापरत नाही.

सल्ल्याप्रमाणेच रोपंही हातोहात जातात, त्याबद्दल थोडं. कलम देणं ही बागकामातली सगळ्यात लोभस गोष्ट, ती थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कुंडीबरोबर मातीतले जीव आणि पानांवरची बुरशीही जाते. २००९ साली अमेरिकेच्या ईशान्य भागात टोमॅटोवर करप्याची मोठी साथ आली. घरगुती बागांसाठी विकल्या गेलेल्या रोपांबरोबर तो रोग दूरदूर पोहोचला होता, आणि घरच्या वाफ्यांतून तो शेतांतही गेला. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवणारा जो रोगजंतू, तोच हा. जलपर्णीचीही तीच कथा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठी हौसेनं जगभर नेली गेली आणि आता नद्या-तलाव गुदमरवते आहे. रोप देताना त्याच्यावर मागच्या महिन्यात पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) आला होता हे सांगायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. मलाही वाटली होती. मी सांगितलं नाही, आणि मैत्रिणीच्या सहा कुंड्यांवर तो पांढरा कापूस पसरला. मुळाशी कापूस दिसतोय का हे तिनं पाहिलं असतं, आठ-पंधरा दिवस रोप वेगळं ठेवलं असतं, पण तिला पाहायला मी सांगितलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप माझ्यावर प्रेमानं घेतला जातो. अगं, आम्ही दिवसभराच्या कामातून दहा मिनिटं मन रमवायला झाडांपाशी जातो, त्यात वह्या आणि मोजमापं कशाला आणतेस? त्या दहा मिनिटांची किंमत मला कळते. कित्येक वाईट दिवस माझे कुंड्यांपाशी सरले आहेत. पण मन रमतं कशामुळे? कालचा कोंब आज केवढा झाला हे पाहण्यात रमतं. पाहणं हीच नोंद, फक्त ती काडीवर लिहायची. आणि ज्याची तीन रोपं एकापाठोपाठ गेली त्याचं मन काही रमत नाही, तो खट्टू होऊन रिकाम्या कुंड्या कोपऱ्यात रचतो. त्याला कुणी सांगितलं असतं की काकूंच्या सात लॅव्हेंडर गेल्या, तर तो चौथं लावायला बसला असता. अपयश दाखवलं की नवखे घाबरतात, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की सगळ्यांच्या बागा फुललेल्या आणि आपली एकच वाळलेली, याहून जास्त घाबरवणारं काय असतं?

सांगायचं तरी काय काय? फार काही लागत नाही. ऊन किती तास आणि कुठल्या वेळचं, हे पहिलं. ‘भरपूर उजेड’ या शब्दांना काही अर्थ नाही, कारण आपले डोळे उजेडाशी जुळवून घेतात. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं आणि आपल्याला लख्ख वाटणारी खोली काही शेकड्यांत असते. डोळ्यांना तो फरक कळत नाही, पानाला कळतो. मग कुंडी केवढी आणि कशाची, मातीत काय काय मिसळलं, पाणी कशावरून ठरवता. महिना कोणता आणि त्या वेळी दिवस-रात्र किती गरम होतं. टोमॅटोचंच घ्या: रात्रीचं तापमान २४ अंशांच्या खाली उतरत नसेल तर झाड हिरवंगार असूनही फुलं गळतात, मग कुणी कितीही खत सुचवो. आणि शेवटी, किती लावली होती आणि किती उरली. पाच-सहा वाक्यांचं काम आहे.

पण सल्ला देणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याला उलट प्रश्न करणारा मला मोठा वाटतो. मी रोझमेरीचं रडगाणं घेऊन गेले तेव्हा काकूंनी पाणी किती घालायचं हे सांगितलंच नाही.

“पाणी घातल्यावर कुंडी उचलून बघितलीस कधी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“उचलून बघ. मग चार दिवसांनी पुन्हा उचल. हलकी लागेपर्यंत झारीला हात लावू नकोस. आणि बोट दोन पेरं आत घालून बघ, वरची माती खोटं बोलते.”

“काकू, मग आठवड्यातून किती वेळा होईल?”

“ते मला कसं कळणार? तुझी कुंडी माझ्याकडे कुठे आहे?”

हे उत्तर मला तेव्हा टाळल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, मला मिळालेला तो सगळ्यात नेमका सल्ला होता. त्यांनी मला पेल्याचं माप दिलं नाही, मापायची रीत दिली. ती माझ्या प्लास्टिकच्या कुंडीला चालते, माझ्या मैत्रिणीच्या मातीच्या कुंडीलाही चालते, आणि पावसाळी आठवड्यातही चालते.

तिसरी रोझमेरी मी उंच कुंडीत लावली आहे. खडे नाहीत, निम्मी जाड वाळू, कठड्याच्या टोकाला, सकाळी साडेआठ ते दुपारी दीडपर्यंत ऊन. आज एकेचाळिसावा दिवस. कुंडी सरासरी सहा दिवसांनी हलकी लागते. वरचे शेंडे ताजे आहेत, त्यांना हात लावला की बोटांना वास येतो. पण खालची एक फांदी मधूनच वाळली आहे आणि का ते मला उमगलेलं नाही. उद्या सकाळी ती कापून आतला रंग पाहणार आहे. काडीवर तारीख घालणार आहे आणि फांदीचा फोटो, शेंड्यांच्या फोटोबरोबरच, सगळ्यांना पाठवणार आहे.